"आदत हो गयी" म्हणजे मेंदूत नेमकं काय झालं?

मागच्या महिन्यात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सलूनमध्ये दाढीला बसलो होतो. वस्तरा चालवणारा पोरगा मणिपूरचा, हात एकदम सफाईदार. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतल्या पाव्हण्यानं हाक दिली, "ए चिनी, एसी वाढव की!" पोरगा हसला, एसी वाढवला आणि परत माझ्या गालावर आला. पैसे देताना मी हळूच विचारलं, राग येत नाही का रे? तर म्हणाला, "आदत हो गयी सर."

तेव्हापासून हे डोक्यात आहे, कारण मेंदूशास्त्रात सवय होणं ही भलतीच गोष्ट आहे. घराशेजारी पिठाची गिरणी असली की आठ-पंधरा दिवसांत तिचा आवाज ऐकूच येईनासा होतो. पण त्याला दोन अटी आहेत, आवाज रोज तसाच पाहिजे आणि त्यातनं आपलं काही वाईट व्हायला नको. टोमण्याचं तसं नसतं. तो कोण मारणार, कधी मारणार, कळत नाही, आणि त्याहून बेकार म्हणजे हॉटेलात वेटर आपल्याकडं आलाच नाही तर तो कामात होता की आपला चेहरा बघून आला नाही, हे ठरवता येत नाही. अशा अर्धवट धोक्यावर मेंदू लक्ष ठेवूनच असतो.

आता माझ्या आवडीचा भाग. मेंदूत कानाच्या पातळीला आत बदामाएवढा अमिग्डाला असतो, धोका वाटला की हा पहिल्यांदा बोंबलतो. कपाळामागं, मधोमध खालच्या बाजूला, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा जो भाग आहे तो त्याला ब्रेक लावतो. अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या नेगार फानी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये एक अभ्यास छापला. आयुष्यात मोठे आघात सोसलेल्या ५५ कृष्णवर्णीय स्त्रियांना एमआरआयमध्ये झोपवून आकड्यांचं साधं काम दिलं आणि मधेमधे आघाताची आठवण येईल अशी चित्रं दाखवली, चित्राकडं लक्ष द्यायचं नाही, आकडे बघायचे. आपल्याला वाटेल की ज्यांना वंशभेद जास्त सोसावा लागला त्यांचा ब्रेक ढिला असेल. उलटंच निघालं! ब्रेकचा भाग जास्त पेटला आणि डोळ्यांनी बघण्याचा भागही, आणि आघात किती झाले, पीटीएसडीची (मोठ्या आघातानंतर मागं राहणाऱ्या मानसिक आजाराची) लक्षणं किती आहेत हे हिशोबातून वजा केलं तरी फरक राहिलाच. म्हणजे नजर ठेवायला आणि भावना आवरायला मेंदू जास्तीची ताकद घालतोय, असा अर्थ संशोधकांनी लावला. (हा एका वेळचा फोटो आहे, कशानं काय झालं ते यातून सिद्ध होत नाही.)

गगनबावड्यातून करूळ घाट उतरताना नवीन ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवूनच बसतो, गाडी अगदी सावकाश, आतल्यांना वाटतं काय मस्त चालवतोय, आणि खाली उतरल्यावर चाकाला हात लावला तर चटका. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९३ मध्ये लोकांना किळसवाणी फिल्म दाखवली आणि काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. चेहरे शांत राहिले, किळस मात्र तेवढीच वाटली आणि हाताचा घाम तर जास्तच सुटला. ब्रूस मॅकएवन आणि एलियट स्टेलर यांनी त्याच वर्षी सततच्या ताणानं होणाऱ्या शरीराच्या झिजेला अ‍ॅलोस्टॅटिक लोड म्हटलं, म्हणजे ताणाची हार्मोन्स सारखी वरखाली होऊन रक्तदाब, साखर, झोप सगळ्यावर वर्षानुवर्षं चढत जाणारा बोजा. कुणी याला नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या उतरवतंय तर कुणी रविवारच्या शिबिरात अमिग्डाला रीसेट करून देतंय, दुसऱ्याची फी तेवढी जास्त.

मानसिक आजार ठरवायच्या अमेरिकन पुस्तकात (डीएसएम) पीटीएसडी १९८० ला आला, आणि त्यासाठी आजही जिवावर बेतणारा प्रसंग, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा लागते. "ए चिनी" त्यात बसत नाही. पण आधीच आघात झालेल्या माणसाचा ब्रेक अशा हाकांवर रोज झिजत असेल तर खऱ्या संकटाला तो किती उरणार, हा प्रश्न राहतोच.

ख्रिस ब्रूविन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये पीटीएसडीवरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले, तर आघातानंतर लोकांचा आधार न मिळणं हे सगळ्यात वजनदार कारणांपैकी एक निघालं, म्हणजे ब्रेक एकट्यानंच दाबायचा असं काही नाही. कोल्हापूरकरांना हे नवीन नाही खरं तर. पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढून दिलं आणि तिथं स्वतः जाऊन चहा प्यायले, सगळ्यांसमोर.

मी त्या दिवशी त्या पाव्हण्याला काय बोललो? काही नाही. तोंडाला फेस होता, असं घरी सांगितलं.