बाहुलीची खुर्ची आणि सावंतवाडीचं माप

बाहुल्यांचं छोटं फर्निचर जमवणारी मंडळी हल्ली सावंतवाडीलाही वाट वाकडी करून येतात. चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांच्या दुकानात पोळपाट-लाटणं, जातं, पलंग, पाळणा हातात घेतात, पट्टी लावून बघतात आणि बऱ्याचदा हिरमुसतात. रवी पलंगाइतकी लांब, कपात बाहुलीचं डोकं मावेल, जातं टेबलाहून मोठं. 'माप चुकलंय,' असा शेरा पडतो. मला हा शेरा लागतो. माप चुकलेलं नाही. ते कोणाच्या हातासाठी धरलं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

संग्राहकांची पट्टी युरोपातून आली, आणि तिथलं बाहुलीघर मुळात मुलांसाठी नव्हतंच. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त यानं १५५८च्या सुमारास असं एक घर करून घेतलं होतं. पुढे ते आगीत गेलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ओर्टमान या बाईंचं १६८६ ते १७१०च्या दरम्यान सजवलेलं बाहुलीघर आजही आहे. त्यातली प्रत्येक वस्तू एकास नऊ या मापानं केलेली, आणि केली ती खऱ्या वस्तू घडवणाऱ्या कारागिरांनीच. चिनी मातीची इवली भांडी थेट चीनहून मागवलेली. खर्च २० ते ३० हजार गिल्डर, म्हणजे तेव्हा कालव्याकाठचं खरं घर जवळजवळ येईल एवढा. ब्रिटनच्या राणी मेरीसाठी १९२४ साली पूर्ण झालेलं बाहुलीघर एडविन लुटियन्सनं आखलं. नवी दिल्ली उभी करणारा तोच. त्यात नळाला पाणी येतं, दिवे लागतात, उद्वाहक चालतो. माप एकास बारा, म्हणजे एका फुटाला एक इंच. संग्राहकांच्या जगात हेच माप पुढे रूढ झालं. १९५९मध्ये बार्बी आली ती साडेअकरा इंचांची, साधारण एकास सहाच्या मापाची, त्यामुळे तिच्या खुर्च्या-कपाटांचा हिशेब वेगळा झाला. पण कसोटी तीच राहिली: वस्तू बाहुलीला शोभते का?

सावंतवाडीची ही खेळणी भातुकलीची, आणि भातुकलीत वस्तू वापरणारी बाहुली नसते, मुलगी असते. लहान वयात लग्नं व्हायची त्या काळात नवरीबरोबर भातुकली पाठवायची रीत होती. जातं फिरलं पाहिजे, त्यात चिमूटभर तांदूळ भरडता आले पाहिजेत. रवी सहा-सात वर्षांच्या तळहातांत घुसळता आली पाहिजे. लाटणं पोळपाटावर सरळ धावलं पाहिजे. म्हणून इथं प्रत्येक वस्तूचं माप मुलीच्या पंजावरून येतं. पलंग फक्त ठकीला, म्हणजे लाकडी बाहुलीला, निजवायला, म्हणून तो लहान पुरतो. दोन्ही मापं आपापल्या जागी काटेकोर आहेत, आणि एकाची पट्टी दुसऱ्याला लावली की अन्याय होतो.

ठकीचा उल्लेख आला म्हणून लाकडाबद्दल. ही जुनी बाहुली पांगाऱ्याची. पांगारा कोकणात कुंपणाला लावतात, मिरीचे वेल त्याच्यावर चढवतात, उन्हाळ्याच्या तोंडाला लालभडक फुलतो. घराच्या वाशाला त्याचा काही उपयोग नाही, लाकूड फार मऊ नि हलकं. पण हेच दोष खेळण्याला गुण ठरतात: पटकन कोरता येतं, रंग चांगला धरतो, मुलाच्या पायावर पडलं तर लागत नाही. उलट बाजूही आहे. पांगाऱ्यावर नखाचा व्रण उठतो आणि किडा लवकर लागतो. ओल्या लाकडाची वस्तू तर पुढच्याच पावसात उलते. म्हणून लेथवर फिरवून कातलेल्या, जरा अंगाच्या वस्तूंना आंबा, शिवण अशी लाकडं आली.

कातकामातली लाख ही मला या सगळ्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. लेथवर लाकूड गरगरत असताना त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून पसरते. मग केवड्याचं पान दाबून धरलं की तिला आरशासारखी चकाकी येते. चन्नपट्टणचे कारागीरही असंच पान वापरतात. असा थर ब्रशनं दिलेल्या तेलरंगासारखा पापुद्रे सोडून निघत नाही. तो टिकला आहे की नाही ते बघायला वस्तूची कड बघावी. रंग आधी तिथंच सुटतो.

रंगकाम करणारे हात गंजिफाच्याही, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांच्याही, घरातले. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते रंगवणाऱ्या चिताऱ्यांनीच पाट, चौरंग, देव्हारे यांवर वेलबुट्टी काढली. छापील पत्त्यांपुढे गंजिफा मागे पडला, तेव्हा ही कलाच जायच्या बेतात होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात उरलेल्या वृद्ध कारागिरांकडून ती पुन्हा उभी केली आणि राजवाड्यातच काम सुरू झालं. आजही दरबार हॉलमध्ये बसून रंगवणारे कलाकार पाहुण्यांना दिसतात. राजघराण्याचे उपकार मोठे आहेत. पण याच काळात एक फरक पडला. गिऱ्हाईक आता दिवाणखान्यासाठी घेऊ लागलं. वस्तू शोकेसमध्ये गेली, जातं फिरतं का हे कुणी बघेनासं झालं आणि रंगाचा चटकदारपणा वाढला. मला भेटलेल्या काही जात्यांच्या दोन तळ्या एकमेकींना चिकटवलेल्याच होत्या.

सरकारी मोजमाप खूप नंतर आलं. खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२०चा, अंमल १ जानेवारी २०२१पासून. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय शिक्का बंधनकारक झाला. हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेले कारागीर आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तू यांना त्यातून सूट आहे. ती योग्यच आहे. घरातल्या घरात दोन लेथ चालवणाऱ्याला प्रयोगशाळेचा खर्च कुठून झेपणार? पण मग पारखायचं काम घेणाऱ्याकडेच येतं.

कातलेली वस्तू सहसा दगा देत नाही, कारण ती एकाच तुकड्यातून निघते. कस लागतो तो जोडकामात: खुर्ची, पलंग, पाळणा. पाय खाचेत बसवलाय की नुसत्या खिळ्यानं ठोकलाय, हे उलटं करून बघावं. खिळ्याभोवती बारीक भेग असेल तर ती वाढणारच. आता एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचे, यंत्रानं कापलेले सुटे भाग मिळतात, माप अगदी एकास बारा. पुण्यात ठीक असतील. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि एमडीएफनं पाणी ओढलं की ते फुगतं ते पुन्हा बसत नाही.

माझ्याकडे सावंतवाडीहून आणलेलं वीतभर उंचीचं लाकडी फडताळ आहे. त्याचं दार दर आषाढात अडकतं. दिवाळीच्या सुमारास आपोआप सुटतं. गेली कित्येक वर्षं असंच चाललंय. मी ते कधी तासून घेतलेलं नाही.