शंख रिकामा होतो तेव्हा

संन्यासी खेकड्याचं (हर्मिट क्रॅब) पोट मऊ आणि पीळ पडलेलं असतं, म्हणून गोगलगायीचा रिकामा शंख हेच त्याचं चिलखत. खेकडा वाढतो, शंख वाढत नाही. त्यामुळे घर बदलणं आयुष्यभर सुटत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने हे नोंदवून ठेवलं होतं. तरी सतराव्या शतकात यान स्वामरडॅम, कीटकांची बारीक चिरफाड करणारा माणूस, शंख खेकड्याचा स्वतःचाच असतो असं ठासून सांगत होता!

विसाव्या शतकात निवडीचा तपशील हाती आला. खेकडा शंख पायांनी चाचपतो, फिरवतो, नांगी आत घालून अंदाज घेतो आणि क्षणात उडी मारून पोट नव्या शंखात सरकवतो. पटलं नाही तर जुन्यात परत. चांगला शंख दुसऱ्याच्या अंगावर असेल, तर आपला शंख त्याच्यावर ठकठक आपटून तो खाली करायला लावतो.

एक खेकडा, एक शंख, एवढाच विचार बरीच वर्षं चालला. तो मोडला तो आयव्हन चेस या समाजशास्त्रज्ञाने. 1970 मध्ये हॅरिसन व्हाइट यांनी अमेरिकी चर्चमधल्या पाद्र्यांच्या बदल्यांवरून दाखवलं होतं की एक जागा रिकामी झाली, की ती भरणाऱ्याची जागा रिकामी होते आणि पोकळी खालीखाली सरकत जाते. चेस यांना हेच न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या किनाऱ्यावरच्या खेकड्यांत दिसलं. 1988 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ते मांडलं. सरकारी क्वार्टर्सचा हिशेब जाणणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. 2010 मध्ये रँडी रोटजन आणि सारा लुईस यांच्या गटाने मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधले जमिनीवरचे खेकडे तपासले: मोठा शंख दिसला की ते आकारानुसार रांग धरतात आणि पहिला हलला की भराभर सगळे बदलतात.

कोस्टा रिकातल्या ओसा द्वीपकल्पावर मात्र प्रकरण इतकं सोज्वळ नाही. मार्क लेड्री यांनी दाखवलं की तिथले खेकडे शंख आतून झिजवून मोठा आणि हलका करतात. मोठ्या खेकड्यांना कोरा शंख पुरतच नाही. घर हवं तर ते दुसऱ्या खेकड्याकडूनच. म्हणून घोळका जमतो, एकाला ओढून बाहेर काढलं जातं आणि साखळी सुरू होते. काढलेल्याच्या वाट्याला बहुधा शेवटचा, सर्वांत लहान शंख येतो. त्यात तो मावत नाही.