शिकारीची रायफल घेऊन अमेरिकेबाहेर: कागद कुठले आणि अर्ज अडतात कुठे

अमेरिकेत बहुतेक राज्यांत शिकारीच्या रायफलीला परवाना नसतो. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमी तपासणी झाली की रायफल घरी. आणि जोहान्सबर्गला उतरलात की पोलीस पहिल्यांदा विचारतात, "लायसन्स?" जो कागद तुमच्याकडे नाही आणि कधी मिळणारही नाही, तोच आधी मागितला जातो. घोडं अडतं ते इथे.

टेक्सास, जॉर्जियाकडची आपली बरीच मंडळी आता हरणाच्या शिकारीत रमली आहेत. दोन-चार वर्षं झाली की कुणीतरी आफ्रिकेचा विषय काढतो, आणि मग मला फोन येतो. बहुतेकदा तिकीट काढून झाल्यावर. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. मुख्य भर दक्षिण आफ्रिकेवर आहे, कारण सर्वाधिक गोंधळ तिथलाच.

रायफल नंतर. आधी तुमचा स्वतःचा दर्जा बघा. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर वाणिज्य खात्याच्या निर्यात नियमांत सामानाची सवलत आहे: एका खेपेला तीन बंदुका आणि एक हजार काडतुसं, स्वतःच्या सामानात, स्वतःच्या वापरासाठी, आणि परत आणायच्या बोलीवर. वेगळा निर्यात परवाना लागत नाही.

एच-१बी, एच-४, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर गोष्ट पार वेगळी. फेडरल कायद्यानं तुम्हाला बंदूक बाळगायलाच मनाई आहे. त्यातून सुटका देणारा नेहमीचा अपवाद म्हणजे राज्याचं चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. 'चालू' हा शब्द नीट वाचा. टेक्सासचं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. मोसम अजून लांब आहे, नोव्हेंबरात बघू, असं म्हणून नूतनीकरण पुढे ढकललं, तर १ सप्टेंबरला कपाटात रायफल तीच असते, पण तिचा मालक गुन्हेगार झालेला असतो. या कलमाखाली कमाल शिक्षा १५ वर्षं आहे, आणि हद्दपारीची टांगती तलवार वेगळी. हे मी घाबरवायला लिहीत नाही. लायसन्सचं नूतनीकरण हे शिकारीला जाण्यासाठी असतं, असंच लोक समजतात, म्हणून लिहितोय.

आणि रायफल बाहेर नेण्याचं म्हणाल, तर या मंडळींना सामानाची सवलत मिळते ती फक्त त्यांनी बाहेरून रीतसर आणलेल्या बंदुकीसाठी. इथल्या दुकानात घेतलेली रायफल त्यात बसत नाही. तिला स्वतंत्र निर्यात परवाना हवा, आणि परत येताना एटीएफचा (बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल खात्याचा) 'फॉर्म ६ एनआयए' आधीच मंजूर होऊन हातात हवा. एवढं करून पंधरा दिवसांच्या सहलीला रायफल न्यायची? माझं उत्तर ठरलेलं असतं: तिथे भाड्यानं घ्या. शिकार आयोजक रायफल भाड्यानं देतात. स्वतःच्याच रायफलीनं नेम धरायची हौस ग्रीन कार्ड येईपर्यंत राखून ठेवा.

आता तो गाजलेला ४४५७. हा कस्टम्सचा, म्हणजे सीबीपीचा फॉर्म. वैयक्तिक वस्तू परदेशी नेताना त्यांची नोंद करून घ्यायची, म्हणजे परतल्यावर 'ही नवी खरेदी करून आणली का' असा वाद नको, एवढाच याचा मूळ हेतू. महागडं घड्याळ किंवा कॅमेरा नेतानाही हाच फॉर्म वापरतात. पण त्यावर सरकारी अधिकाऱ्याची सही आणि शिक्का असतो, म्हणून दक्षिण आफ्रिका तो परवान्याच्या जागी चालवून घेते. परवाना नसलेल्या देशातल्या माणसाचा परवाना म्हणजे हा कागद.

तो घरून ऑनलाइन होत नाही. रायफल घेऊन प्रत्यक्ष सीबीपीच्या कार्यालयात जावं लागतं, आणि अधिकारी सिरियल नंबर स्वतः पाहून सही करतो. आधी फोन करा. सगळ्या कार्यालयांत हे काम रोज होत नाही आणि फॉर्मचं नाव काढल्यावर 'म्हणजे काय?' असा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे. रायफलची पेटी हातात घेऊन दारातून आत शिरू नका. पेटी गाडीच्या डिकीत बंद ठेवा, कागद घेऊन आत जा, आणि ते सांगतील तसं करा. एका मित्राबरोबर गेलो होतो तेव्हा अधिकारी बाई स्वतःच पार्किंगमध्ये आल्या, बोल्ट उघडून चेंबर रिकामं असल्याची खात्री केली, मोबाइलचा टॉर्च नंबरवर धरला आणि कागदाशी एकेक अक्षर ताडून बघितलं. मित्रानं शून्याच्या जागी इंग्रजी ओ लिहिला होता. बाईंनी फॉर्म परत दिला, त्यानं बोनेटवर ठेवून नवा लिहिला. दहा मिनिटं गेली. हीच चूक जोहान्सबर्गला सापडली असती तर रायफल पोलिसांच्या ताब्यात आणि हा माणूस रांगेत.

फॉर्मवर ज्या ओळी रिकाम्या राहतील त्यांवर काट मारून घ्या. दुर्बिणीचाही नंबर लिहून घ्या, तो फुकटच आहे. थर्मल किंवा रात्रीची दुर्बीण मात्र घरी ठेवा, तिचे निर्यात नियम वेगळे आणि कडक आहेत.

आणि आता ती तारीख, जिच्यापायी चांगले तयारीचे लोक अडकले आहेत. ४४५७ च्या वरच्या कोपऱ्यात एक मुदतीची तारीख छापलेली असते. ती तुमच्या नोंदणीची मुदत नव्हे. अमेरिकेतल्या प्रत्येक सरकारी फॉर्मच्या नमुन्याला ठरावीक काळानं फेरमंजुरी घ्यावी लागते, त्या छापील नमुन्याची ती मुदत आहे. नोंद खुद्द, कागद वाचता येतोय तोवर चालते. पण हे तुम्हाला माहीत असून काय उपयोग? परदेशातला पोलीस ती तारीख वाचतो आणि म्हणतो, "तुमचं लायसन्स संपलंय." याच कारणावरून दक्षिण आफ्रिका आणि नामिबियात शिकाऱ्यांना अडवल्याचे प्रकार घडलेले आहेत. काउंटरवर वाद घालून कुणी जिंकत नाही. त्यामुळे जुना फॉर्म कितीही वैध असो, प्रत्येक सहलीआधी सीबीपीच्या साइटवरचा ताजा नमुना उतरवा आणि छापलेली तारीख तुमच्या परतीच्या पुढची आहे ना ते पाहा.

नावाची भानगड खास आपली. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव, ग्रीन कार्डवर ते अर्धवट कापलेलं, तिकिटावर दोन्ही नावं चिकटून एक झालेली, आणि ४४५७ वर हा माणूस हौसेनं 'शेखर' लिहितो, कारण ऑफिसात सगळे तेच म्हणतात. पासपोर्टवर 'चंद्रशेखर' असेल तर सगळीकडे चंद्रशेखर, वडिलांच्या नावासकट. आयोजकाच्या निमंत्रण पत्रातही तसंच लिहून घ्या. ते ईमेलवरचं नाव उचलतात.

दक्षिण आफ्रिकेचा स्वतःचा अर्ज म्हणजे तिथल्या पोलीस खात्याचा एसएपीएस ५२०, बंदूक तात्पुरती आत आणायच्या परवान्याचा. २००० सालच्या त्यांच्या बंदूक नियंत्रण कायद्याखाली तो चालतो. काळ्या शाईनं भरायचा, निळ्या नाही. सही घरी करायची नाही, तिथल्या पोलीस अधिकाऱ्यासमोर करायची. आपल्याला लहानपणापासून 'फॉर्म भरला की खाली सही' अशी सवय, त्यामुळे हात आपोआप चालतो. सोबत एक कोरी प्रत ठेवाच. जोडीला पासपोर्टची प्रत, परतीचं तिकीट, सही-शिक्का झालेला ४४५७, आयोजकाचं तारखांसकट निमंत्रण पत्र, आणि तुमचं स्वतःचं पत्र: कुठली रायफल, कुठल्या जनावरासाठी. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसा आधी लागतो, हे तिकिटाच्या उत्साहात विसरू नका.

एका कॅलिबरची, म्हणजे एका मापाच्या काडतुसाची, एकच रायफल. दोन .३०-०६ नेता येत नाहीत, एक 'राखीव' म्हणूनसुद्धा. सेमी-ऑटोमॅटिक नाही. वय २१ च्या खाली नाही, त्यामुळे अठरा वर्षांच्या मुलाच्या नावावर एक रायफल दाखवायची युक्ती चालत नाही. परवाना आगाऊ मागवायचा तर अर्ज किमान २१ दिवस आधी पोचायला हवा. उतरल्यावरही काउंटरवर मिळतो, पण रांग किती हे त्या दिवशी किती विमानं उतरली त्यावर. पुढचं विमान दीड तासानं असेल तर ते गेलंच समजा.

काडतुसांचं गणित लोक चुकवतात, कारण मर्यादा दोन आहेत आणि एकच वाचली जाते. दक्षिण आफ्रिका प्रत्येक रायफलीमागे २०० काडतुसं येऊ देते. विमान कंपन्यांची मर्यादा माणशी ५ किलो, आणि दोघांचं मिळून १० असं धरता येत नाही. .३०-०६ चं एक काडतूस साधारण २६ ग्रॅम, म्हणजे २०० नगांचेच पाच किलोच्या वर. .३७५ असेल तर खोक्यांसकट शंभराच्या थोडं पुढे गेलात की काटा वर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर घरीच वजन करा. काडतुसं रायफलीच्या पेटीत नको, वेगळ्या कुलूपबंद डब्यात. पेटी टणक, रायफल रिकामी, किल्ली तुमच्या खिशात, आणि चेक-इन काउंटरवर तोंडानं सांगायचं. बाकी काही अवघड नाही.

मार्ग ठरवताना स्वस्त तिकिटाच्या मागे लागू नका. वाटेत ज्या देशात विमान बदलता, तिथला कायदाही लागू होऊ शकतो. ॲमस्टरडॅममार्गे जायचं तर नेदरलँड्सच्या कस्टम्सची आगाऊ संमती लागते, सामान तुमच्या हातात येवो न येवो. अटलांटाहून जोहान्सबर्गला थेट विमान आहे, थोडे पैसे जास्त गेले तरी ते घ्या.

न्यूअर्कहून जाणाऱ्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मंडळींना वेगळं सांगतो. २००५ मध्ये युटाहहून निघालेल्या एका प्रवाशाचं न्यूअर्कला पुढचं विमान चुकलं. पिस्तूल असलेली बॅग त्याच्या ताब्यात दिली गेली, तो रात्री हॉटेलात राहिला, आणि सकाळी काउंटरवर प्रामाणिकपणे सांगितल्यावर न्यू जर्सीच्या कायद्याखाली अटक झाली. गुन्हा पुढे मागे घेतला, पण त्यानं भरलेला दावा २०१० मध्ये तिसऱ्या सर्किट अपील कोर्टात टिकला नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना संरक्षण देणारा १९८६ चा फेडरल कायदा आहे, पण बंदूक सहज हाताशी आली की ते संरक्षण सुटतं, असं कोर्टाचं म्हणणं. तेव्हा मध्येच विमान चुकलं तर पेटी स्वीकारू नका, विमान कंपनीच्या किंवा पोलिसांच्या ताब्यात ठेवायला सांगा.

कॅनडाचं त्या मानानं सोपं: तिथल्या केंद्रीय पोलिसांचा फॉर्म आरसीएमपी ५५८९, तीन प्रती, सही सीमेवरच्या अधिकाऱ्यासमोर, फी २५ कॅनेडियन डॉलर, ६० दिवस चालतो. पण मे २०२० पासून तिथे सुमारे दीड हजार मॉडेल्सवर बंदी आली आणि नंतर यादी वाढत गेली. तुमची रायफल टेक्सासात साधी शिकारीची असेल, तिथे ती बंदी घातलेली असू शकते. मॉडेलचं पूर्ण नाव घेऊन ताजी यादी बघा.

परतताना तोच ४४५७ दाखवायचा, म्हणजे रायफल 'आयात' ठरत नाही.

शेवटचं भारताबद्दल. रायफल न्यायचा विचार कुणी करत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारच बंद. पण शिकारीला वापरलेली पाठपिशवीच डिसेंबरात आईबाबांना भेटायला पुण्याला जाताना बाहेर निघते, आणि आतल्या चोरकप्प्यात एक काडतूस राहिलेलं असतं. मुंबईच्या स्कॅनरवर ते दिसतं आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो. जाणीवपूर्वक बाळगलं होतं का, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्येच मांडला आहे, आणि एखाददुसऱ्या विसरलेल्या काडतुसाचे कितीतरी गुन्हे दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केले आहेत. पण तोवर सुट्टी संपलेली असते आणि आई पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेली. शिकारीची पिशवी वेगळी ठेवा, तिला लाल फीत बांधा. आणि भारताला न्यायची पिशवी निघायच्या आदल्या रात्री पांढऱ्या चादरीवर उलटी करून झाडा, सगळे कप्पे उघडे ठेवून.