मुसाशी बोकुतो

मियामोतो मुसाशी (1584?–1645) या जपानी खड्गवीराने स्वतः घडविल्या असे मानल्या जाणाऱ्या लाकडी तलवारींच्या नमुन्यावर बेतलेली सरावाची तलवार. बोकुतो म्हणजे लाकडी तलवार. बोक्केन हा पर्यायी शब्द जपानबाहेर अधिक रूढ आहे. मुसाशीचे जन्मवर्ष त्याने ‘गोरिन नो शो’ या आपल्या युद्धकलेवरील ग्रंथात दिलेल्या वयावरून काढले असून, वंशावळींच्या आधारे काही अभ्यासक ते 1582 मानतात.

या नमुन्याचे मूळ सामान्यतः गान्र्यूजिमा (मूळ नाव फुनाशिमा) या कानमोन सामुद्रधुनीतील बेटावर सासाकी कोजिरो या प्रतिस्पर्धी खड्गवीराशी झालेल्या द्वंद्वात शोधले जाते. द्वंद्वाचे 1612 हे रूढ वर्ष ‘नितेनकी’ या 1776 च्या सुमारास सिद्ध झालेल्या चरित्रावर आधारलेले आहे. मुसाशीने होडीचे वल्हे तासून तलवार केली, ही सर्वपरिचित कथाही याच चरित्रात येते. याउलट, मुसाशीचा दत्तक पुत्र इओरी याने 1654 मध्ये कोकुरा येथे उभारलेल्या स्मारकशिलेवर प्रतिस्पर्ध्याच्या हाती तीन शाकू (सुमारे 91 सेंमी.) लांबीचे पाते होते आणि मुसाशीने लाकडी शस्त्राच्या एकाच आघाताने त्याला ठार केले, एवढेच कोरलेले आहे, वल्ह्याचा उल्लेख तेथे नाही. शिलालेख घटनेला शतकाहून अधिक जवळचा असला, तरी तो पुत्राने पित्याच्या गौरवार्थ कोरविला आहे, हे विसरता येत नाही. तरीही लाकडी शस्त्र वापरले गेले हे ग्राह्य धरून वल्ह्याचा तपशील उत्तरकालीन भर समजणे अधिक सयुक्तिक वाटते.

क्यूशू बेटावरील यात्सुशिरो येथील मात्सुई घराण्याच्या संग्रहात सुमारे 127 सेंमी. लांबीची एक लाकडी तलवार आहे. मुसाशी 1640 पासून कुमामोतोच्या होसोकावा घराण्याच्या आश्रयास होता. त्या काळात होसोकावांचा सरदार मात्सुई योरियुकी याच्यासाठी त्याने द्वंद्वातील शस्त्राची ही प्रतिकृती स्वहस्ते केली, अशी परंपरा आहे. नेहमीचा बोकुतो सुमारे 102 सेंमी.चा असल्याने तिची लांबी लक्षणीय ठरते. प्रतिस्पर्ध्याच्या लांब पात्याला उत्तर म्हणून ती योजली असावी, हे स्पष्टीकरण परंपरेशी जुळते, पण ते वस्तूच्या अस्सलपणाचा पुरावा ठरत नाही.

प्रत्यक्ष सरावात मात्र हा लांब नमुना नव्हे, तर मुसाशीप्रणीत नितेन इचि-र्यू या खड्गविद्येच्या संप्रदायातील सडपातळ, हलका व मुठीपुढे हाताच्या रक्षणासाठीची चकती नसलेला बोकुतो वापरला जातो. एकेका हातात एकेक तलवार पेलावयाची असल्याने हा हलकेपणा सोयीचा आहे. तथापि, आरंभी प्रत्येकालाच तलवार जड वाटते व सरावाने हाताला बळ येते, असे मुसाशीने ‘गोरिन नो शो’ मध्ये लिहिले आहे, आणि त्या दृष्टीने हलक्या तलवारीची निवड विचार करण्याजोगी आहे. या संप्रदायाच्या एका शाखेत लांब तलवारीचे बारा, आखूड तलवारीचे सात आणि दोन तलवारींचे पाच प्रकार शिकविले जातात. यांपैकी शेवटचे पाच, म्हणजे मध्य, ऊर्ध्व, अधर, डावा व उजवा पवित्रा, त्या ग्रंथाच्या जल-खंडातील पाच पवित्र्यांशी जुळतात.

बोकुतोसाठी प्रामुख्याने ओकचे कठीण लाकूड वापरतात. मियाझाकी प्रांतातील मियाकोनोजो हे त्याच्या निर्मितीचे प्रमुख केंद्र आहे. मुसाशीच्या नावाने धार नसलेल्या धातूच्या सरावाच्या तलवारीही (इआइतो) मिळतात; त्यांच्या मुठीपुढील चकतीवर, त्याने केलेल्या मानल्या जाणाऱ्या चकतीप्रमाणे, समुद्रकाकडी या लांबट सागरी प्राण्याच्या आकाराची जाळी कोरलेली असते.