अंगठाभर फटीचं घर

मुलांसोबत वटवाघळांसाठी घर करायला बसलं, की पहिला वेळ प्रश्नांतच जातो. घर म्हटल्यावर मुलांना दार हवं असतं, जमीन हवी असते. या घराला दोन्ही नाहीत. दोन फळ्यांमधली एक उभी फट, वरून आणि बाजूंनी बंद, खालून सताड उघडी. घर ते एवढंच.

फट 2 सेंटीमीटरची, म्हणजे मोठ्या माणसाचा आडवा अंगठा जेमतेम जाईल इतकी. किडे खाणाऱ्या लहान वटवाघळांच्या, म्हणजे पाकोळ्यांच्या, अनेक जाती झाडाच्या सुटलेल्या सालीमागे किंवा खडकाच्या भेगेत दिवस काढतात. पाठ आणि पोट दोन्ही टेकलेलं असलं की त्यांना सुरक्षित वाटतं, आणि एवढ्याशा जागेत शिकारी शिरत नाही. फळं खाणारी मोठी वटवाघळं मात्र इथे येणार नाहीत. ती बहुतेक झाडांवर उघड्यावर लटकतात.

मागची फळी 75 सेंटीमीटर उंच आणि 40 रुंद, पुढची तेवढीच रुंद पण 60 उंच. मधे तीन बाजूंनी 2 सेंटीमीटर जाडीच्या पट्ट्या ठोकल्या की फट आपोआप बरोबर येते. मागची फळी खाली 15 सेंटीमीटर उरते, ती पाकोळीला उतरायची जागा. कापण्याचं काम मोठ्यांनी करावं. मुलांचं काम खाचा पाडण्याचं: मागच्या फळीवर, दर सेंटीमीटरला एक आडवी, उथळ खाच. हे काम कंटाळवाणं आहे, पण तेच सगळ्यांत महत्त्वाचं. पॉलिश पेपरने फळी गुळगुळीत करायचा मोह मुलांना हटकून होतो, तो आवरायला लावायचा. नखं अडकली नाहीत तर पाकोळी राहणार कशी?

एकदा नखं अडकली, की पुढे तिला काहीच करावं लागत नाही. पायातला स्नायुबंध शरीराच्याच वजनाने ताणला जातो आणि बोटं मिटलेली राहतात. आपल्याला मूठ आवळायला जोर लागतो, तिला जोर लागतो तो सोडताना. सोडलं की ती खाली पडते आणि पडतापडता पंख उघडते. म्हणून घर 4 ते 5 मीटर उंचावर, भिंतीवर किंवा खांबावर लावायचं आणि खाली फांदी, तारा काही ठेवायचं नाही.

आता आतली फट 60 सेंटीमीटर इतकी उंच का, हे सांगायलाच हवं. गरम हवा वर चढते, त्यामुळे वरच्या टोकाला ऊब जास्त, खाली कमी. पाकोळी दिवसभरात वर-खाली सरकत हवी ती ऊब निवडते. मुलांना हे सांगून भागत नाही. दोन तापमापक घ्या, एक वर आणि एक खाली लटकवा आणि दुपारी आकडे लिहायला लावा. बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. उबेत त्याची ताकद अंग गरम ठेवण्यात खर्च होत नाही, वाढीला मिळते. मात्र ऊब हवी, भट्टी नको. थंड प्रदेशात घर उन्हात लावून बाहेरून गडद रंगवावं. उष्ण प्रदेशात फिका रंग, दुपारची सावली आणि पुढच्या फळीत तळापासून 15 सेंटीमीटरवर हवेसाठी एक आडवी चीर. आत रंग अजिबात लावू नये. वाळवी लागू नये म्हणून रसायनात भिजवलेलं लाकूडही टाळावं.

मग वाट बघायची. पाकोळ्या पकडून आत सोडता येत नाहीत, त्यांच्या त्यांनाच यावं लागतं. कधी वर्ष जातं, कधी जास्त. खाली पडलेल्या पाकोळीला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशीच घालून द्यावा. वटवाघळांमुळे रेबीज होऊ शकतो. चावा किंवा ओरखडा आलाच तर जखम साबणाने भरपूर धुऊन लगेच डॉक्टर गाठावा.

रोज संध्याकाळी घराखाली नजर टाका. काळ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या दिसल्या तर लांबूनच काडीने एखादी फोडून बघा. उंदराची लेंडी कडक असते. पाकोळीची भुरभुरते, आणि तिच्यात किड्यांच्या पंखांचे बारीक चकाकते तुकडे दिसतात.