जर्मनीची किटली आणि हरवलेली तिसरी पिन

"ती नवी किटली हाताला चावते रे," आईनं फोनवर सांगितलं. सांगलीला विश्रामबागेतल्या घरी दिवाळीत भाच्यानं जर्मनीहून स्टीलची इलेक्ट्रिक किटली आणली होती. सोबत एक अ‍ॅडॅप्टरही होता. सहा महिने किटली बिनतक्रार चालली. चार मिनिटांत चहाचं पाणी उकळायचं. पावसाळा लागला आणि तिच्या कडेला बोट लागलं की मुंग्या यायला लागल्या.

परदेशातून वस्तू आली की आपण आधी व्होल्टेज बघतो, आणि ते बरोबरच आहे. अमेरिकेत घरात 120 व्होल्ट, जपानमध्ये 100, आपल्याकडे 230. अमेरिकेतला 1000 वॅटचा कुकर आपल्या बोर्डात लावला, तर त्याची कॉइल 1000 वॅटवर थांबत नाही. विजेचा दाब जवळपास दुप्पट झाला की उष्णता जवळपास चौपट होते. हिशोब साडेतीन हजार वॅटच्या पुढे जातो आणि कॉइल जळते. अ‍ॅडॅप्टर इथे काहीच करत नाही, तो फक्त पिनांचा आकार बदलतो. दाब उतरवायला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. 1000 वॅटच्या कुकरसाठी तो चांगलाच जड असतो आणि त्याची क्षमता कुकरपेक्षा जास्त असावी लागते. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरची काळजी नको. त्यावर '100-240V, 50/60Hz' असं छापलेलं असेल, तर आत येणारी वीज कोणत्याही देशाची असली तरी तो ती आधी डीसी करतो आणि मग हवी तेवढी खाली आणतो.

जर्मनीत मात्र व्होल्टेज 230 आणि फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झ, थेट आपल्यासारखीच. म्हणून घरात सगळे निर्धास्त होते. मला वाटतं, खरा धोका अशाच वस्तूंमध्ये जास्त असतो. व्होल्टेजची चूक धूर काढून लगेच कळते. अर्थिंगची, म्हणजे धातूच्या अंगावर उतरलेली वीज जमिनीत नेणाऱ्या जोडणीची, चूक महिनोन्‌महिने गप्प बसते.

रविवारी घरी गेलो आणि आधी प्लग काढून हातात घेतला. जर्मन प्लगला दोनच गोल पिना असतात, पण तो टू-पिन नव्हे. त्याच्या गोल अंगाच्या दोन्ही बाजूंना चकचकीत धातूच्या पट्ट्या असतात, त्याच त्याचं अर्थिंग. तिकडचा सॉकेट वाटीसारखा खोल असतो आणि आतल्या स्प्रिंगच्या क्लिपा या पट्ट्यांना चिकटतात. आमच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये पट्ट्यांना टेकणारं काहीच नव्हतं. वरची जाड तिसरी पिन तर चक्क प्लास्टिकची होती. बोर्डाच्या भोकांवरची झडप (शटर) उघडण्यापुरतीच ती ठेवलेली असते. दिसायला थ्री-पिन, पण किटलीचं अंग कशालाच जोडलेलं नाही.

आपल्या थ्री-पिनची वरची पिन जाड आणि लांब का असते, ते इथे कळतं. जाड असते म्हणजे ती दुसऱ्या भोकात जात नाही. लांब असते म्हणजे प्लग घालताना ती सगळ्यात आधी टेकते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. ही गोल पिनांची पद्धत जुनी ब्रिटिश आहे. त्यांनी स्वतः 1947 मध्ये चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं, आपण गोल पिनच ठेवली.

मग मुंग्या पावसाळ्यातच का? किटलीच्या तळाच्या हीटरमध्ये तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून भरलेली असते. ती उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. पण ती ओल शोषून घेते. नळीचं तोंड कुठे बारीकसं उघडलं की दमट हवेत भुकटी ओलावते आणि वीज थोडी थोडी किटलीच्या अंगावर उतरते. अर्थिंग असतं तर ती तिथून जमिनीत गेली असती. इथे तिला वाट होती ती फक्त आईच्या बोटाची. पायात रबरी स्लीपर होती म्हणून मुंग्यांवर भागलं. ओल्या फरशीवर अनवाणी पाय असता तर तीच किटली जीवघेणी ठरू शकली असती.

दुसरी गोष्ट अ‍ॅडॅप्टरवरच दिसली. पिना जिथे बसतात तिथलं प्लास्टिक बदामी पडलं होतं. किटली 2200 वॅटची, म्हणजे साडेनऊ अँपिअर ओढणारी. सगळ्या देशांच्या पिना घेणाऱ्या भोकात कुठलीच पिन घट्ट बसत नाही. त्या सैल सांध्याचा रोध (रेझिस्टन्स) समजा अर्धा ओहम धरला, तरी तिथे पंचेचाळीस वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचा सोल्डरिंग आयर्न बहुधा पंचवीस वॅटचा असतो. एवढी आच स्विचबोर्डात, पाणी उकळेपर्यंत, दिवसातून चार वेळा.

शेव्हर किंवा चार्जरवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं. त्याचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन, त्याला अर्थिंग लागत नाही आणि अ‍ॅडॅप्टर चालतो. पण इस्त्री, किटली, टोस्टर, म्हणजे धातूचं अंग आणि तापणारं काम असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: अ‍ॅडॅप्टर नकोच. मूळ प्लग कापून चांगला 16 अँपिअरचा थ्री-पिन टॉप (आपल्याकडचा प्लग) बसवावा आणि तो 16 अँपिअरच्याच सॉकेटमध्ये लावावा. युरोपच्या वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. अमेरिकेच्या वायरीत मात्र काळी फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. आपल्याकडे जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. चाळीस वर्षं काम केलेला वायरमनही सवयीनं इथे चुकू शकतो, म्हणून त्याला आधी सांगून ठेवावं.

आणि घरचं अर्थिंग जिवंत हवं. कृष्णाकाठची काळी माती ओली असते तेव्हा वीज उत्तम वाहून नेते. मे महिन्यात तिला भेगा पडतात आणि ती अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. कोळसा-मीठ घातलेल्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायला आमचे आजोबा कधी विसरले नाहीत.

वायरमननं नवा टॉप बसवला, मी किटलीत पाणी भरून स्विच टाकला आणि त्याच क्षणी मीटरजवळचा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळली की पुरवठा तोडणारा स्विच) खटकन पडला. परत वर केला, परत पडला. हाच करंट इतके दिवस किटलीच्या अंगावर वाट बघत होता. आईनं काही न बोलता गॅसवर पातेलं ठेवलं.