काडतूस सिलिंडरमध्ये बसले म्हणजे ते सुरक्षित ठरत नाही

जुन्या छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये जे काडतूस नीट बसते ते त्यातून झाडायला हरकत नाही, असा समज अमेरिकेतील शस्त्रधारकांमध्ये वर्षानुवर्षे फिरत आहे.

हा समज होणे स्वाभाविक आहे, कारण १९३५ साली आलेले, जास्त जोरदार .३५७ मॅग्नम काडतूस मुद्दामच सुमारे अष्टमांश इंच लांब ठेवले गेले, जेणेकरून ते .३८ स्पेशल या जुन्या, कमी दाबाच्या काडतुसासाठी बनवलेल्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये (काडतुसे ठेवायच्या फिरत्या भागात) पूर्ण बसू नये. .३८ स्पेशलच्याच ‘+पी’ या जास्त दाबाच्या प्रकाराला मात्र असा अडसर नाही. त्याची लांबी-जाडी साध्या काडतुसाइतकीच असते. फक्त कमाल दाब प्रति चौरस इंच १७,००० पौंडांऐवजी २०,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

‘अशी काडतुसे पुष्कळ झाडली, काही झाले नाही’ हा अनुभव खराही असतो, पण नुकसान बहुधा एकाएकी न होता साचत जाते. सिलिंडर पुढे-मागे हलू लागते, आणि ॲल्युमिनियमच्या हलक्या सांगाड्याला नळीच्या खाली बारीक तडा जाऊ शकतो. हा तडा मला सर्वांत घातक वाटतो, कारण सिलिंडर बाहेर काढून पाहिल्याशिवाय तो सहसा दिसतच नाही.

पडताळणी अवघड नाही. ‘+पी’ हे चिन्ह काडतुसाच्या बुडावर आणि खोक्यावर असते. रिव्हॉल्व्हरच्या नळीवर नुसते ‘.३८ स्पेशल’ असेल, तर त्या मॉडेलला ‘+पी’ची मुभा आहे का, हे निर्मात्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. तशी स्पष्ट नोंद नसल्यास साधेच काडतूस वापरावे, आणि तेही जाणकार कारागिराकडून शस्त्र तपासून घेतल्यावरच.